व्याह्यांचं ग्रिल

या वर्षी थंडी जरा लवकरच आली. सकाळी दूध आणायला बाहेर पडलं की तोंडातून वाफ निघते, आणि कापणी झालेल्या खाचरांवरून तळेगावात येणाऱ्या वाऱ्याला पेंढ्याचा ओलसर, गोडूस वास असतो. कुठेतरी कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. तो धूर नाकात शिरला की मला गेल्या वर्षीचा हिवाळा आठवतो आणि पोटात एक कळ येऊन जाते. डॉक्टरला दाखवण्यासारखी ती नाही. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या व्याह्यांवर जळत होतो. चौसष्टाव्या वर्षी, अंगावर धड कपडा, ताटात गरम पोळी आणि समोर बोलायला बायको असताना.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, अरविंदराव. मुंबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्तीनंतर नवराबायको लोणावळ्याच्या बंगल्यात राहायला आले आणि दोन वर्षांत विहीणबाई गेल्या. तेव्हापासून त्या बंगल्यात ते एकटेच. आमची मुग्धा आणि जावई निखिल इथेच, घोरावाडी स्टेशनच्या बाजूला एका सोसायटीत राहतात. त्यांना एक मुलगी, ईरा. गेल्या वर्षी ती नऊ वर्षांची व्हायची होती. तिच्यावरूनच हे सगळं झालं.

मी एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. मशीन बंद पडलं की मला बोलवायचे. निवृत्त झालो तेव्हा भंगारातलं एक पिंप आडवं कापून, पाय जोडून मी आमच्या गच्चीसाठी कोळशाची शेगडी केली होती. आमचा फ्लॅट सगळ्यात वर आहे, त्याला लागून छोटी गच्ची आहे. हिवाळ्यातल्या रविवारी अकरा वाजता बेल वाजायची, ईरा चपला भिरकावत आत यायची आणि थेट गच्चीत. आम्ही दोघं कोळसे फुलवायचो. ती पुठ्ठ्याने वारा घालायची, ठिणग्या उडाल्या की मागे सरायची, परत पुढे यायची. दही, आलं-लसूण, तिखट लावून ठेवलेली कोंबडी सळयांवर चढायची. रताळी राखेत जायची. ईराचे गाल कोळशाच्या धगीने लाल व्हायचे आणि माझी बायको शैला दारातून ओरडायची, "तिच्या केसांना वास येतोय बघा." मला तो वास आवडायचा. ती घरी गेल्यावरही माझ्या स्वेटरला तो सोमवारपर्यंत असायचा.

मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की वरच्या मजल्यावरच्या धुरामुळे वाळत घातलेले कपडे खराब होतात. दोन दिवसांनी खाली फळ्यावर सूचना लागली. गच्चीत कोळसा पेटवायचा नाही. सूचना रीतसर होती, भांडायला जागा नव्हती. शेगडी जिन्याखाली गेली.

नेमकं त्याच महिन्यात अरविंदरावांनी ग्रिल घेतलं.

मुग्धाने फोनवर सांगितलं तेव्हा शैलाला वाटलं, बंगल्याच्या खिडक्यांना बसवलं असेल. "चोऱ्या वाढल्यात का तिकडे?" असं तिने विचारलं. मग मुग्धाने फोटो पाठवला. काळं, चकचकीत, चाकांवर उभं राहिलेलं एक पेटाऱ्यासारखं धूड. बाजूला एक डबा, त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यांएवढ्या कांड्या भरायच्या. त्यांना पेलेट म्हणतात. पुढे आकडे दाखवणारी पट्टी. किती गरम हवं तो आकडा लावायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचं. आतला एक लांब स्क्रू फिरत फिरत कांड्या विस्तवाकडे ढकलतो, पंखा वारा घालतो. पुठ्ठा घेऊन उभं राहायला कोणी लागत नाही.

पहिल्याच रविवारी मुग्धाकडची मंडळी लोणावळ्याला गेली. संध्याकाळी ईराचा फोन आला. "आजोबा, अप्पांकडचा धूर गोड असतो," ती म्हणाली. अप्पा म्हणजे अरविंदराव. "चिकन तीन तास शिजत होतं. हाडापासून आपोआप सुटतं. तुझं जरा ओढावं लागतं ना."

"ओढायला लागलं की दात मजबूत होतात," मी म्हणालो.

ती हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ गच्चीच्या कठड्याला टेकून, शेगडी असायची त्या जागेवरचा काळा डाग बघत राहिलो.

शाळेत षड्रिपूंची यादी पाठ केली होती. मत्सर त्यात शेवटी येतो. लहानपणी वाटायचं, शेवटी आहे म्हणजे त्यातल्या त्यात बारका असणार. पण काम, क्रोध वयाप्रमाणे दमतात, लोभालाही गुडघे दुखायला लागतात. मत्सर चांगला ताजातवाना राहतो. आणि तो आपलं नाव सांगून घरात शिरत नाही. माझ्याकडे तो काळजीचं रूप घेऊन आला. एवढा धूर पोरीच्या छातीला बरा नाही, असं मी मुग्धाला सांगू लागलो. घाटाकडे धुकं असतं, रविवारी रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या असतात, दर आठवड्याला कशाला जाता, असंही म्हणू लागलो. मुग्धा म्हणायची, "बाबा, ते एकटे असतात." ते ऐकून मी जास्तच चिडायचो. बायको गेलेल्या माणसावर जळणं म्हणजे किती खाली उतरणं, हे मला कळत होतं. पण कळल्याने जळणं थांबत नाही. उलट त्याला लाजेचं तूप मिळतं.

एक गोष्ट मला तेव्हा फार धीर द्यायची. ईरा मला 'आजोबा, तू' म्हणायची आणि त्यांना 'अप्पा, तुम्ही'. हा मी माझा ठेवा समजत होतो. डिसेंबरातल्या एका रविवारी लोणावळ्याहून व्हिडिओ कॉल आला. मागे पावसाची भुरभुर दिसत होती, अवकाळी पडत होता. ईराने वळून हाक मारली, "अप्पा, तू इकडे ये ना, आजोबा दिसतायत." अरविंदराव हसत कॅमेऱ्यासमोर आले. मी हात हलवला. शैलाने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आपणही ग्रिल घ्यायचं.

हायवेला एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्या मुलीने गॅसवर आणि पेलेटवर चालणारे, असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दाखवले. गॅसवाल्याचं बटण फिरवलं, टक्क आवाज आला आणि निळ्या ज्योतींची रांग उभी राहिली. साधा, सरळ व्यवहार. खाली सिलिंडर, वर बर्नर, समोर माणूस. लक्ष ठेवायचं, उलटंसुलटं करायचं, आच कमीजास्त करायची. सोसायटीलाही चालणार होतं, धूर नावालाच. ती म्हणाली, "सर, झटपट करायचं असेल तर गॅस. पण स्मोकी चव हवी असेल तर पेलेट. फक्त त्याला वीज लागते, आणि कांड्या कोरड्या ठेवाव्या लागतात." मी पेलेटवाल्याचं झाकण उघडून आत डोकावलो. स्क्रू पाहिला, मोटर पाहिली. कारखान्यात असले स्क्रू मी शेकडो वेळा उघडले असतील. मला ते यंत्र आवडलं, आणि ते आवडलं याचाच राग आला.

घरी येऊन मी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे गॅस, एकीकडे पेलेट. आठ दिवस मी त्यात भर घालत होतो. मनातला रकाना मात्र वेगळाच होता. गॅस घेतला तर ईरा म्हणणार, अप्पांसारखा धूर नाही. पेलेट घेतलं तर ईरा म्हणणार, अप्पांसारखंच आहे. दोन्हीकडून अप्पाच.

शैलाने वही वाचली. चष्मा काढून म्हणाली, "तुम्हाला ग्रिल हवंय, की अरविंदराव नकोत?"

"काहीतरी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण ते दुकानात मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

जानेवारीत ईराचा वाढदिवस आला. तो लोणावळ्याला करायचा ठरला, कारण तिच्या मैत्रिणींना ते ग्रिल बघायचं होतं. आम्ही दोघं सकाळच्या लोकलने निघालो. कान्ह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मोकळी शेतं, बांधावर बगळे, लांबवर डोंगर उन्हात हळूहळू निळे होत चाललेले. इतकी सुंदर सकाळ होती आणि माझ्या मनात एकच विचार, की आज तिथे बसून त्या कोंबडीचं कौतुक करावं लागणार.

बंगल्याच्या अंगणात फुगे लावले होते. दहा-बारा मुली हिरवळीवर पळत होत्या. अरविंदराव नवा ॲप्रन बांधून उभे होते. मसाला लावलेली कोंबडी, मक्याची कणसं, पनीर, सगळं ताटांत मांडलेलं. त्यांनी बटण दाबलं. पट्टीवर आकडे उमटले, पंखा फिरला. मग आतून एक आवाज यायला लागला. मोटर जोर लावतेय पण काही हलत नाहीये, असा दबका, कण्हल्यासारखा हुंकार. थोडा वेळ तो आला आणि यंत्राने लाल दिवा दाखवून सगळं बंद केलं.

मला पहिल्या हुंकारालाच कळलं. डिसेंबरच्या पावसात कांड्या डब्यातच राहिल्या होत्या. ओल लागून त्या फुगल्या, त्यांचा भुसा झाला आणि तो स्क्रूभोवती घट्ट बसला. डबा रिकामा करून, मोटर सोडवून स्क्रू बाहेर ओढला असता, तर तासाभरात काम झालं असतं. बंगल्यात पाना-पकड असणारच होती.

मी वेताच्या खुर्चीत बसून राहिलो. हातात कोकम सरबताचा पेला होता.

अरविंदरावांनी परत बटण दाबलं. परत तोच हुंकार. त्यांनी आतून माहितीपुस्तिका आणली, उभ्याउभ्या पानं उलटू लागले. बंगल्यावर कामाला येणाऱ्या सखूमावशी कान्ह्याच्या. त्या पदराला हात पुसत जवळ आल्या. "भाऊ, त्या डब्यात वल गेली आसंल. आमच्या घरी भुस्सा असाच गच्च व्हतो. चुलीवर करू का? मी पेटवते मागं."

"नको नको, होईल आत्ता," अरविंदराव म्हणाले. त्यांनी पुस्तिकेचं पहिलं पान परत उघडलं.

मी जे सांगतोय ते सांगायला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. मला त्या वेळी गार वाटलं. सबंध हिवाळाभर छातीत धुमसत होतं, त्यावर कोणीतरी पाणी शिंपडलं. सरबताची चवसुद्धा वाढली.

तेवढ्यात ईरा आली. नवा फ्रॉक, डोक्यावर कागदी मुकुट. माझ्या गुडघ्याला धरून हळूच म्हणाली, "आजोबा, तू कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचास ना? मग अप्पांचं कर ना."

"हे वेगळं असतं गं," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही."

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. पळत जाऊन अरविंदरावांना म्हणाली, "आजोबांना येत नाही."

"असं नाही म्हणायचं, बाळा," ते म्हणाले, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. "त्यांना सगळं येतं. पण आज ते पाहुणे आहेत. पाहुण्यांना कामाला लावतात का?"

शेवटी निखिलने हॉटेलातून जेवण मागवलं. मुलींना काही फरक पडला नाही. केक कापला, नाच झाला. अरविंदराव ॲप्रन काढायचं विसरून सगळ्यांना पेपर प्लेटमध्ये वाढत होते.

परतीच्या गाडीत शैला खिडकीबाहेर बघत होती. कामशेत गेलं, कान्हे गेलं. वडगाव यायला लागलं तेव्हा म्हणाली, "पस्तीस वर्षं तुमच्याबरोबर राहिलेय. मिक्सर अडकला तरी तुम्ही पेपर टाकून उठता. आज उठला नाहीत."

मी उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो.

चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मला त्यांचं बिघडलेलं ग्रिल कमी आठवलं. 'आजोबांना येत नाही' हे वाक्य मात्र सारखं आठवत होतं. येत असलेली गोष्ट येत नाही असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. माझी तेवढीच एक मिजास होती. पाचव्या दिवशी, बुधवारी, मी हत्यारांची पिशवी घेतली आणि एकटाच लोणावळ्याला गेलो.

अरविंदरावांनी दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं आणि काहीही न विचारता मला मागच्या अंगणात नेलं. दुपारचं ऊन होतं. मी वायर काढली, डबा उपसला, मोटरचे बारके स्क्रू सोडवले. ते शेजारी स्टुलावर ताट धरून बसले होते, निघालेला प्रत्येक स्क्रू ताटात ठेवत होते. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "हे घेतलंत. गॅसवालं का नाही घेतलं? कटकट कमी असते."

ते म्हणाले, "मला गॅसची भीती वाटते, सुधाकरराव. ही गेली त्यानंतर महिनाभराने मी दूध तापत ठेवलं आणि सोफ्यावर झोपलो. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. सखूमावशी किल्ली घेऊन आत आल्या म्हणून बरं. त्यानंतर मी गॅस पेटवलेला नाही. सकाळचा चहा थर्मासमधला, मावशी आदल्या दिवशी करून ठेवतात. हे यंत्र आकडा लावला की आपलं आपण शिजवतं, नाहीतर बंद पडतं. ईराला स्वतःच्या हातचं काहीतरी खायला घालता येतं."

आतला लांब स्क्रू बाहेर निघाला. त्याच्या पात्यांमध्ये भुसा सिमेंटसारखा बसला होता. मी छिन्नीने एकेक खपली काढत होतो. ती काढता काढताच म्हणालो, "त्या दिवशी मला आवाजावरूनच कळलं होतं काय झालंय ते."

"मला वाटलंच," ते म्हणाले. "चारचौघांत माझी फजिती नको म्हणून गप्प बसलात. मी निखिललाही तसंच म्हटलं."

किती सोपं होतं. मान डोलावली असती की झालं असतं. व्याह्यांनी माझ्यासाठी एक चांगला सुधाकरराव तयार करून ठेवला होता, मला फक्त त्यात शिरायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तसं नव्हतं. तुमची फजिती मला बघायची होती. ईरा रविवारी इकडे यायला लागली, ते मला सहन होत नव्हतं."

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेले. मी छिन्नी धरून बसलो. मागे जांभळाच्या झाडावर बुलबुल ओरडत होता. आता पिशवी उचलून निघावं की काम पुरं करावं, कळेना. पण अर्धं उघडलेलं मशीन सोडून जायची सवय नाही, म्हणून खपल्या काढत राहिलो.

पाऊण तासाने ते आले. हातात दोन कप. थर्मासमधला चहा होता, कोमट.

"मला तुमचा राग आलाय," ते म्हणाले. "बराच आलाय. पण चहा घ्या, आधीच गार झालाय."

आम्ही चहा प्यायलो. मग मी लांब स्क्रू पुसून आत बसवला आणि ते एकेक करून ताटातले स्क्रू माझ्या हातात देत गेले. यंत्र सुरू झालं. धूर निघाला. तो खरंच गोड होता.

या गोष्टीने माझा मत्सर गेला, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. उन्हाळ्यात ईराने शाळेच्या निबंधात 'माझे आवडते ठिकाण' म्हणून लोणावळ्याचा बंगला लिहिला, तेव्हाही पोटात दुखलं. अरविंदराव आता दर पंधरवड्याला फोन करतात, कधी कांड्या कुठल्या डब्यात ठेवू म्हणून, कधी काहीच कारण नसताना. त्यांचा राग किती उतरला, ते मी विचारलेलं नाही. दिवाळीनंतर मी गॅसचं ग्रिल घेतलं. वहीतले रकाने न बघता घेतलं. मला आचेपाशी उभं राहायला आवडतं आणि त्यांना नाही, एवढंच त्यामागचं कारण.

गेल्या रविवारी ईरा आली होती. गच्चीत आम्ही दोघंच होतो. कणसं भाजत होती, दाणे तडतडत होते. एक गोष्ट वर्षभर राहून गेली होती, ती मी उरकून टाकली. म्हणालो, "ईरा, तुझ्या वाढदिवसाला अप्पांचं ग्रिल बिघडलं होतं ना, ते मला दुरुस्त करता येत होतं. मी तुला खोटं सांगितलं."

ती कठड्याजवळ स्टुलावर बसली होती. तिचे पाय हलायचे थांबले. "का?"

"तू सारखी अप्पांकडे जायला लागलीस, म्हणून मला त्यांचा राग आला होता."

तिने विचार केला. "पण जात तर मी होते. मग माझ्यावर रागवायचं ना."

"तुझ्यावर मला रागावता येत नाही."

"आईला येतं," ती म्हणाली. मग कणीस फिरवून घेतलं, एक दाणा काढून चावून पाहिला, आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी मी लोणावळ्याला जाणार आहे. आधीच सांगून ठेवते. अप्पांवर रागावू नकोस."

"प्रयत्न करतो," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, लहान मुलाने तोंड वाकडं न करता औषध घेतलं की मोठी माणसं डोलावतात तशी.